कुंड्या, कुंचले आणि प्राणायाम

आमच्या गच्चीवर ४२ कुंड्या होत्या. हा आकडा मला पक्का ठाऊक आहे, कारण बँकेत ३४ वर्षं काढलेल्या माणसाला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. २०२१ च्या मे महिन्यात आमची ही गेली. तेराव्याची माणसं आपापल्या घरी परतली, त्या संध्याकाळी मी गच्चीवर जाऊन कुंड्या मोजल्या. तोपर्यंत गच्ची हे तिचं खातं होतं. माझा संबंध पापड वाळत घालताना कावळे हाकलण्यापुरता.

मी ठरवलं, एकही झाड मरू द्यायचं नाही. सकाळी चहाच्या आधी पाणी, संध्याकाळी दिवेलागणीला पाणी. एक दिवस चुकवला नाही. प्रवासाला गेलो नाही, मुलीकडे बंगळूरला गेलो तर दोन दिवसांत परत. आणि झाडं एकेक करून जात राहिली. आधी अबोली गेली, मग कृष्णकमळ, मग तिनं कोकणातून आणलेला सुरंगीचा रोपटा. २०२४ च्या दिवाळीत पुन्हा मोजल्या, तर जिवंत कुंड्या १७. आमच्या नात्यातल्या एक बाई म्हणाल्या, 'झाडांनाही कळतं हो, माणूस गेलेलं.' त्यांनी ते सांत्वनाच्या सुरात म्हटलं होतं, पण मी त्या रात्री झोपलो नाही.

मुलीनं फोनवरून माझं नाव एका वर्गात घातलं. आमच्या शहरातल्या एका जुन्या वनस्पती उद्यानात प्रौढांसाठी आठ रविवारांचा वर्ग होता. सकाळी सात ते पावणेआठ प्राणायाम, आठ ते दहा बागकाम, मधे चहा, आणि साडेदहा ते बारा वनस्पतींची चित्रं. फी अडीच हजार रुपये. पत्रकावर 'वेलनेस' हा शब्द तीनदा होता. उद्यानाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. का, ते पुढे कळेलच.

खरं सांगतो, मी नाक मुरडतच गेलो. हल्ली कशालाही 'वेलनेस' म्हटलं की फी दुप्पट होते, असा माझा समज होता आणि तो अजूनही पुरता गेलेला नाही. पहिल्या रविवारी रेन ट्रीखाली आम्ही २६ जण जमलो. रंगीत चटया, नवे कोरे बूट. पुरुष माझ्यासकट पाच. प्राणायाम शिकवणाऱ्या बाई चांगल्या होत्या, पण समोर फुफ्फुसात हवा भरायची सोडून मी वरच्या फांद्यांवर बसलेले बगळे बघत होतो. माझ्यासारख्या संशयी माणसाला भस्त्रिका करताना सतत वाटतं, आता वरून काहीतरी पडणार.

बागकामाचा तास एका कृषी पदवीधर तरुणानं घेतला. लॅपटॉप, पडदा, मातीचा सामू, नत्र-स्फुरद-पालाश. सगळं बरोबर होतं. पोयट्याचे घमेले, शेणखत, कोकोपीट, निंबोळी पेंड, खापऱ्या असा सगळा सरंजाम मांडून उद्यानातला एक माळी बाजूला उभा होता. ३१ वर्षं नोकरी झालेला. त्याला सगळे 'मामा' म्हणत. मी घरून एक मोगऱ्याची कुंडी पिशवीत घालून नेली होती. पानं पिवळी पडून माना टाकलेली. तरुणानं बघून लोहाची कमतरता असावी असं सांगितलं आणि पुढच्या चित्राकडे वळला. तास संपल्यावर मामा माझ्याजवळ आले.

'साहेब, पाणी किती वेळा घालता?'

'दोन वेळा. रोज. एकदाही चुकवलेलं नाही,' मी जरा अभिमानानंच म्हणालो.

त्यांनी कुंडीच्या काठावर खुरप्याच्या मुठीनं दोन ठोके दिले, झाड बोटांत धरून कुंडी उपडी केली आणि मातीचा गोळा तळहातावर घेतला. मुळं तपकिरी, मऊ, कुजका वास. 'मुळं पांढरी पाहिजेत,' ते म्हणाले. 'हे बुडालंय साहेब. तहानेनं नाही गेलं.' मग माझं बोट धरून त्यांनी दुसऱ्या एका कुंडीत दुसऱ्या पेरापर्यंत घातलं. 'इथवर ओल लागली तर तांब्या खाली ठेवायचा.'

नंतर त्या तरुणानंच नीट समजावून सांगितलं. मुळांना श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळीत हवा असते, ती जागा सतत पाण्यानं भरलेली राहिली की मुळं गुदमरतात, मग बुरशी येते, मूळकूज होते. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून वर पानं सुकतात. झाड तहानलेलं दिसतं. बघणारा आणखी पाणी घालतो. माझ्या गच्चीवर साडेतीन वर्षं हेच चाललं होतं. बऱ्याच कुंड्यांच्या बुडाची भोकं मुळांनी आणि चिकणमातीनं बंद झालेली होती, हे मी घरी येऊन पाहिलं. ती दर वर्षी कुंड्या उपड्या करून माती बदलत असे. मला वाटायचं, बायकांना उगीच पसारा काढायची हौस असते.

ही एवढी एक गोष्ट मला कुणी आधी का सांगितली नाही? कारण मी कुणाला विचारली नाही, आणि विचारायचं कुठे हेही मला माहीत नव्हतं. आपल्याकडे प्रौढ शिक्षण म्हटलं की डोळ्यांसमोर कंदील, पाटी आणि अंगठ्याऐवजी सही करायला शिकणारी म्हातारी येते. २ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा तेच गरजेचं होतं. पण त्यातून एक समजूत रुतून बसली की ज्याला लिहितावाचता येतं त्याचं शिक्षण संपलं. पदवीधर माणसानं साठाव्या वर्षी पुन्हा कशाचा तरी विद्यार्थी व्हावं, याला आपल्याकडे 'वेळ घालवणं' म्हणतात. याला अपवाद नव्हते असं नाही. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोलकर यांनी 'प्रयोग परिवारा'तून द्राक्षबागाईतदारांपासून शहरातल्या गच्चीवाल्यांपर्यंत कितीतरी वयस्क माणसांना प्रमाणपत्राच्या आमिषाविना शिकतं केलं. त्यांच्या 'विपुलाच सृष्टी'नं एका पिढीला उसाच्या चिपाडांवर भाजी पिकवायला लावली. आमच्या हिच्याकडे ते पुस्तक होतं. मी ते कधी उघडलं नव्हतं.

माझे एक मित्र वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांना हे वर्ग मुळीच पसंत नाहीत. त्यांचं म्हणणं असं की वनस्पती उद्यान हे शास्त्राचं ठिकाण आहे. दुर्मीळ झाडं जपावीत, बी गोळा करावं, झाडावर खरं नाव लावावं, विद्यार्थ्यांनी यावं, बघावं, लिहून घ्यावं. तुम्ही लोकांनी त्याचा क्लब केलात. आज इथे प्राणायाम, उद्या वाढदिवस.

त्यांचं अर्धं म्हणणं मला पटत नाही. वनस्पती उद्यान जन्मालाच आलं ते शाळा म्हणून. इटलीत पादुआला १५४५ साली उद्यान झालं ते विद्यापीठातल्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना खरी वनस्पती कोणती आणि खोटी कोणती हे ओळखता यावं म्हणून. लंडनमधलं चेल्सीचं औषधी उद्यान १६७३ साली औषधविक्रेत्यांच्या संघानं काढलं ते उमेदवारांना शिकवायला. मुळी चुकली तर रोगी मरत असे, इतका साधा हिशेब होता. आपल्याकडेही पुण्याजवळ दापोडीला १८२८ पासून सरकारी वनस्पती उद्यान होतं. १८३८ पासून तिथे अलेक्झांडर गिब्सन होता, तो मूळचा सर्जन. पुढे मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. मग गणेशखिंडीचं उद्यान आलं. तिथल्या वुड्रोनं हिंदुस्थानातल्या बागकामावर लिहिलेलं पुस्तक साहेबांच्या बंगल्याबंगल्यात गेलं. ते बंगलेवाले प्रौढच होते. तेव्हा उद्यानात शिकणं ही नवी फॅशन नाही. विद्यार्थी तेवढे बदलले आहेत, आणि कुजलेल्या मोगऱ्याची कुंडी घेऊन आलेला पेन्शनर हा उमेदवार वैद्यापेक्षा कमी गरजू आहे असं मला वाटत नाही.

पण प्राध्यापकांचं उरलेलं अर्धं म्हणणं मात्र मला निमूट मान्य करावं लागतं. आमच्या उद्यानात कितीतरी झाडांवरच्या पाट्या गायब आहेत. एका झाडावर चक्क शेजारच्या झाडाची पाटी आहे. माळ्यांच्या निवृत्तीनंतर जागा भरल्या जात नाहीत, कंत्राटी मुलं येतात आणि सहा महिन्यांत जातात. वर्गाच्या फीचे पैसे कुठे जातात, असं मी कार्यालयात विचारलं. मिळालेलं उत्तर इतकं गोड होतं की त्यात माहिती मावली नव्हती. हे पैसे पाट्यांना, बियाण्याला, माळ्याच्या पगाराला जात असतील तर मी दुप्पट फी देईन. हिरवळीवरच्या दिव्यांना जात असतील तर प्राध्यापक जिंकले.

दिव्यांवरून आठवलं. आठातले दोन रविवार आमचा वर्ग झालाच नाही. डिसेंबरात लग्नसराई, हिरवळ भाड्यानं दिलेली. दुसऱ्या खेपेला निरोप मिळाला नाही म्हणून मी गेलो, तर सात वाजता मांडववाले ट्रक घेऊन आत आलेले. हिरवळीला लागून रोपवाटिकेचे वाफे आहेत. त्यांतल्या दोन वाफ्यांवरून चाकं गेली होती. मामा उकिडवे बसून रोपं उचलत होते. गुटी कलमं होती, पावसाळ्यात बांधून, मुळं फुटल्यावर कापून लावलेली. 'किती गेली?' मी विचारलं. ते म्हणाले, 'मोजून काय करायचं साहेब, भाड्याची पावती आधीच फाटलीय.' उद्यानांना उत्पन्न हवं, हे मलाही कळतं. पण एका रात्रीचं भाडं आणि वर्षभराच्या वर्गाची फी यांची तुलना करताना वाफ्यातली रोपं कुठल्या रकान्यात धरतात, हे बँकेतल्या माणसाला समजून घ्यायचं होतं. समजलं नाही.

आता चित्रकलेच्या तासाबद्दल, कारण माझ्या मनाविरुद्ध मी रमलो तो तिथे. शाळेत माझी चित्रकला एक डोंगर, दोन नारळ आणि मधोमध सूर्य यापलीकडे गेली नाही. फुलांच्या प्रदर्शनात मुलांच्या चित्रकला स्पर्धा असतात, आईबाप मात्र सतरंजीवर बसून डबा राखतात. मोठ्या माणसाला कुणी कागद देत नाही. इथे बाईंनी प्रत्येकाच्या हातात एक भिंग, एक बारीक कुंचला आणि एक जास्वंद दिली. म्हणाल्या, 'माहीत असलेली जास्वंद काढू नका. हातातली काढा.'

मी साठ वर्षं गणपतीला जास्वंद वाहत आलो. पाकळ्या पाच, हे ठाऊक होतं. मधल्या दांड्याच्या टोकाशी पाच मखमली ठिपके असतात, हे मला माहीत नव्हतं. ते ठिपके म्हणजे स्त्रीकेसराची टोकं. त्यांच्या खाली, त्याच दांड्यावर, पुंकेसरांचा पिवळा झुपका. मधला दांडा म्हणजे पुंकेसरांची जुळून झालेली नळी, आणि तिच्या आतून स्त्रीकेसराची दांडी वर येते. फुलाच्या खाली हिरवा पेला असतो, त्याच्याही खाली आणखी एक बारीक पानांची झालर असते. ती मोजायला मला पंधरा मिनिटं लागली, कारण दोनदा चुकलो. बाराचा ठोका झाला तेव्हा दीड तासात मी कशाचाही विचार केला नव्हता असं लक्षात आलं. हिचाही नाही. मला अपराध्यासारखं झालं, आणि घरी येऊन बऱ्याच दिवसांनी मी दुपारी झोपलो.

वनस्पतींची चित्रं हा मुळात रिकामटेकड्यांचा छंद नव्हता. एलिझाबेथ ब्लॅकवेल नावाची बाई १७३० च्या दशकात याच चेल्सीच्या उद्यानात बसून औषधी वनस्पती रंगवत होती, कारण नवरा कर्जापायी तुरुंगात होता. पाचशे चित्रांचं पुस्तक काढून तिनं त्याला सोडवलं. (नवरा पुढे स्वीडनला गेला आणि कुठल्याशा कटात सापडून तिथे त्याचा शिरच्छेद झाला. काही माणसांना सोडवून उपयोग नसतो.) आणि दापोडीच्या त्या उद्यानात गिब्सननं १८४७ ते १८५० या काळात एका चित्रकाराकडून झाडांची फार सुंदर चित्रं करून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवलेली आहेत, हेन्री नोल्टी या अभ्यासकानं २००२ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. चित्रकार पोर्तुगीज-हिंदी वंशाचा होता, एवढंच कळतं. नाव कुणी लिहून ठेवलं नाही. मुळा-मुठेच्या काठची झाडं त्यानं पानापानानं टिपली, आणि कागदावर नाव राहिलं ते साहेबाचं.

मला हे वाचल्यापासून वर्गाचं पत्रक टोचू लागलं. त्यावर प्राणायामाच्या बाईंचं नाव होतं, कृषी पदवीधराचं होतं, चित्रकलेच्या बाईंचं होतं. मामांचं नव्हतं. आठ रविवारांत आम्ही जे शिकलो त्यातलं निम्मं मामांनी तास संपल्यावर, घमेली उचलता उचलता शिकवलेलं. मोगऱ्याला थंडीत पाणी तोडून ताण द्यायचा, मग छाटायचा, मग खत-पाणी द्यायचं, तेव्हा उन्हाळ्यात कळी धरते. कलम बांधताना साल किती काढायची. ओल हातानं कशी ओळखायची. हे कुणी म्हणेल पुस्तकात आहे. असेल. पण माझं बोट धरून कुंडीत घातलं ते पुस्तकानं नव्हे.

साडेतीनशे वर्षांपूर्वी व्हान ऱ्हीड नावाच्या डच अधिकाऱ्यानं मलबारातल्या वनस्पतींचा 'हॉर्टस मलबारिकस' हा ग्रंथ केला. १६७८ ते १६९३ या काळात तो ॲम्स्टरडॅमहून बारा खंडांत निघाला. त्याच्या पहिल्याच खंडात त्यानं माहिती देणाऱ्यांची नावं छापली. इट्टी अच्युदन हा मल्याळी वैद्य, आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तीन कोकणी ब्राह्मण. या तिघांचं प्रशस्तिपत्र कोकणीत, नागरी लिपीत, आहे तसं छापलं आहे. त्या काळी, परदेशात, परक्या लिपीत. आणि आमच्या उद्यानाच्या २०२४ सालच्या चकचकीत पत्रकात एका ओळीची जागा नव्हती. मामांचं नाव मीही इथे लिहीत नाही, याची मला लाज आहे. त्यांची दीडेक वर्षं नोकरी उरली आहे आणि वाफ्यांबद्दल ते माझ्याशी मोकळेपणानं बोलले आहेत. उद्यानाचं नाव न लिहिण्याचं कारणही तेच.

'वेलनेस'बद्दल दोन शब्द लिहिले पाहिजेत, नाहीतर मुलगी रागावेल. झाडांच्या सहवासानं माणूस बरा होतो, याला आधार नाही असं नाही. रॉजर उलरिक यांचा १९८४ सालचा अभ्यास नेहमी सांगितला जातो. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते रोगी, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. मात्र रोगी होते एकूण ४६. एवढ्या खात्यांवर आमच्या बँकेनं कुठलाही निष्कर्ष काढला नसता. जपानच्या वनखात्यानं १९८२ साली 'वनस्नान' हा शब्द काढला, तोही आता जगभर विकला जातो. आमच्या वर्गानं माझी रक्तदाबाची गोळी कमी झाली नाही. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, 'गोळी चालू ठेवा आणि वर्गही.' हे मला पटलं. डॉ. शरदिनी डहाणूकर स्वतः डॉक्टर, पण 'वृक्षगान' किंवा 'फुलवा' लिहिताना त्यांनी झाडांना कधी गोळीच्या जागी बसवलं नाही.

आमच्या वर्गात एक बाई होत्या, अंथरुणाला खिळलेल्या सासूची शुश्रूषा अकरा वर्षं करणाऱ्या. रविवारी सकाळी नणंद घरी येई, म्हणून त्यांना यायला जमे. त्या प्राणायाम करत नसत. चटईवर डोळे मिटून आडव्या होत आणि पंचेचाळीस मिनिटं गाढ झोपत. शिकवणाऱ्या बाई शहाण्या, त्यांनी एकदाही उठवलं नाही.

सहाव्या रविवारी मला एक वेगळाच पेच पडला. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंनी विचारलं, 'काका, ते झाडांचं शिकवतात तिथं मला येता येईल का? तीन घरच्या कुंड्यांना मीच पाणी घालते.' मी हो म्हणणार होतो, तेवढ्यात फी आठवली. फी मी भरली असती, पण रविवारी सकाळी त्यांची चार घरं असतात. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आमच्या वसाहतीत गच्च्या आमच्या, पण पाणी घालणाऱ्या कामाच्या ताई आणि वॉचमन. आणि वर्गात २६ च्या २६ मालक. ज्यांच्या हातात तांब्या आहे त्यांना कुणीच बोलावलेलं नाही. एक वर्ग दुपारी तीन ते चार, नाममात्र फी, मराठीत आणि हिंदीत, लॅपटॉपशिवाय, शिकवायला मामा: यात अवघड काय आहे? उद्यानाला मांडववाल्यांसाठी मध्यरात्री फाटक उघडता येतं, तर दुपारी तीनला ते उघडंच असतं.

हे सगळं मी अर्जात लिहिलं. मुद्दे तीन. फीचा हिशेब फलकावर लावावा, दुपारचा वर्ग काढावा, आणि मामांना निवृत्तीनंतर मानधनावर शिक्षक म्हणून, नाव छापून, ठेवावं. वर्गातल्या एकोणीस जणांनी सह्या केल्या. प्राध्यापक मित्रानं वर्गात नसूनही केली, आणि पाट्यांचा चौथा मुद्दा स्वतःच्या अक्षरात घुसडला.

शेवटच्या रविवारी मामांनी माझ्याकडे ब्रह्मकमळाचं पान मागितलं. म्हणजे आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो ते, रात्री फुलणारं निवडुंगाच्या कुळातलं. खरं ब्रह्मकमळ हिमालयातलं, ते आपल्या गच्चीवर यायचं नाही. आमच्याकडचं ते झाड हिच्या आईकडून आलेलं. सतरांत ते एक उरलं आहे, कारण ते गच्चीच्या कोपऱ्यात, पन्हळीच्या आड होतं आणि माझा तांब्या तिथवर पोचत नसे. मी दोन पानं कापून नेली. मामांनी ती रोपवाटिकेत, हिरवळीपासून लांबच्या वाफ्यात लावली. पाटीवर काय लिहायचं म्हणून त्यांनी विचारलं. मी लॅटिन नाव सांगितलं. ते थांबून राहिले. मग मी हिचं नाव सांगितलं, आणि त्यांनी ते खडूनं खापरीवर लिहिलं.

अर्जाची पोच मिळाली आहे. उत्तर अजून आलेलं नाही.